चिपळ्या खाली ठेवल्यावर

या, असं पुढे सरकून बसा. आणखी थोडं. माझी ही गोष्ट लांबून, भिंतीला टेकून ऐकायची नाही. तिच्यात एक आवाज आहे, आणि तो इतका लहान आहे की मध्येच कुणी खोकलं तरी निसटून जाईल. कीर्तनाला उभे राहिले की बुवा मागच्या मंडळींना हाताने पुढे बोलावतात ना, तसं समजा. मी काही बुवा नाही. पण अर्धं आयुष्य कीर्तनाच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसून काढलंय, आणि तरीही ज्या आख्यानाने माझ्या अंगावर काटा आला ते देवळात ऐकलेलं नाही. ते ऐकलं पुण्यात, एका ऑफिसच्या बंद खोलीत, भर दुपारी. तेच सांगते.

"कापलेलं आम्ही घेत नाही, सर," बिपुल म्हणाला.

टेबलापलीकडे तेंडोलकर सर बसले होते. पांढराशुभ्र सदरा, मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि डब्यावर दोन्ही हात असे ठेवलेले, की कुणी हिसकावून घेईल. मान वळवून डावा कान पुढे करायचे, कारण उजव्याने त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणतो हा?" त्यांनी मला विचारलं.

"पूर्ण कॅसेट हवी म्हणतो," मी मोठ्याने सांगितलं.

"पूर्ण मिळायची नाही. बेडकाचा आवाज तेवढा वेगळा काढून आणलाय. तो घ्या."

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे हा हट्ट दोन्ही बाजूंचा कसा होता ते कळेल. देशातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची, किड्यामुंग्यांची जी काही माहिती आहे ती एका ठिकाणी आणायची, असं ठरलं होतं. माहिती नव्हती असं नाही. भरपूर होती. पण ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या कपाटात. कोलकात्याचं कपाट पुण्याच्या कपाटाला ओळखत नव्हतं. ती सगळी कपाटं उघडून देशाचा एक सामाईक जीवकोश उभा करायचा, कुणीही यावं आणि विचारावं, असा. त्यातली आवाजांची खोली आमच्याकडे होती. मी ध्वनिमुद्रणातली, पूर्वी रेडिओत नोकरी केलेली. बिपुल हजारिका संगणकातला, आसामचा. मराठी तो खानावळीतल्या मावशींकडून शिकला होता, त्यामुळे त्याला ताटातलं सगळं मराठीत यायचं आणि बाकीचं तो रेटून न्यायचा.

काय सांगू तुम्हाला ते पहिले दिवस! कानाला हेडफोन लावला की अंदमानच्या रानातली कबुतरं, लगेच पुढे लडाखच्या थंडीतले क्रौंच, त्याच्यामागे खाडीच्या चिखलात चुटचुटणारे खेकडे. मला माहेरच्या देवळातला काकडा आठवायचा. अंधारात कोण कुठे बसलंय दिसत नाही, पण सगळे एकच आळवताहेत हे कळतं. कितीदा मी हेडफोन काढून नुसती बसून राहायची. बिपुल विचारायचा, "इंदूताई, झोप आली?" मी म्हणायची, "नाही रे बाबा, जाग आली."

आणि आमचा एकच कडक नियम होता. आवाज द्यायचा तो जसा धरला तसा, सगळा. कारण आजवर झालं होतं ते असं, की पक्ष्यांच्या अभ्यासकांनी किड्यांची किरकिर पुसून टाकलेली, किड्यांच्या अभ्यासकांनी पक्षी पुसलेले, आणि गाणी गोळा करणाऱ्यांनी तर दोघांनाही हाकललेलं. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा नैवेद्य, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून ट्रकचा भोंगा असो, कुणाची शिंक असो, काही कापायचं नाही.

तेंडोलकर सर तळकोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी एका श्रावणात, तिन्हीसांजेला, देवगडच्या वरच्या अंगाला एका कातळसड्यावर, उघड्या खडकाच्या पठारावर, त्यांना एक बेडूक बोलताना ऐकू आला. बेडकासारखा नव्हे, चिपळ्यांसारखा. लाकडावर लाकूड आपटावं तसा, खणखणीत. त्यांनी तो टेप केला, त्यावर लिहिलं, मोठ्या लोकांना पाठवलं. मोठ्या लोकांनी विचारलं, आवाज ठीक आहे, बेडूक कुठे आहे? बेडूक सरांच्या हाती लागला नव्हता. पुढच्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्या वर्षी गेले. मग त्या सड्यावर चिऱ्यांची खाण सुरू झाली आणि ज्या डबक्याकाठी तो बोलायचा ते डबकंच राहिलं नाही. त्यांच्या मंडळींत 'तेंडोलकरांच्या चिपळ्या' ही थट्टा होऊन बसली. कुणी काही पुराव्याविना बोललं, की म्हणायचे, वाजल्या तेंडोलकरांच्या चिपळ्या.

"मला नाव नको आहे, बाई," सर म्हणाले. "माझ्या सड्यावरचा मेला, ते मला माहीत आहे. तो आणखी कुठे जिवंत आहे का, एवढं तुमच्या त्या यंत्राला विचारा. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतलं गेलं ते गेलं, उरलंय तेही जाईल. ते जायच्या आत मला कळू दे."

बिपुल मुळात मऊ माणूस. त्याने नियम बाजूला ठेवला आणि सरांनी आणलेला तुकडा यंत्राला ऐकवला. यंत्र काय करायचं, आवाजाचं रेघोट्यांचं चित्र काढायचं आणि कोशातल्या सगळ्या चित्रांशी ताडून बघायचं. थोड्या वेळाने पडदा भरून उत्तरं आली. सुतारपक्षी. दुसरा सुतारपक्षी. कुणाच्या तरी दाराची कडी. नारळ फोडतानाचा आवाज.

"नारळ!" सर म्हणाले. "आणखी चेष्टा."

"सर, चेष्टा नाही," मी म्हटलं. "तुम्ही नुसते ठोके दिलेत. दोन ठोक्यांमधला विसावा कापून टाकलात. तालातली खाली, ती रिकामी मात्रा, काढून टाकली तर ताल कुणी ओळखायचा? तो किती वेळ बोलतो, किती वेळ गप्प राहतो, ते सगळं लागेल."

त्यांना ते पटलं, हे मला दिसलं. पटलं म्हणूनच ते उठले.

"त्या टेपवर खासगी आहे," म्हणाले, आणि डबा छातीशी धरून निघून गेले.

"खासगी?" बिपुल म्हणाला. "बेडकाबरोबर?"

"गप रे."

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता ते परत आले. पुण्यात ज्या पुतणीकडे उतरले होते तिने त्यांना रिक्षाने आणून सोडलं. डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, रुमालाची घडी उलगडली आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

"दार लावा," म्हणाले. "आणि ह्याला सांगा, हसायचं नाही."

"सर, मी आसामचा," बिपुल म्हणाला. "आमच्याकडे पाऊस नाही आला तर बेडकांची लग्नं लावतात. मी बेडकांवर हसत नाही."

सरांनी डावा कान पुढे केला. "लग्नं? जेवण असतं?"

"असतं. नवरानवरी सोडून सगळ्यांना."

सर हसले. पहिल्यांदाच. मी कॅसेट लावली.

आधी नुसती खरखर. मग वारा, आणि कातळावरून ओघळणाऱ्या पाण्याची बारीक टिपटिप. आणि मग तो. टक् टक् टक् टक्, झपझप उतरत जाणारे ठोके, मग मोठा विसावा, आणि शेवटी एकच ठोका, जरा उशिराने, सम चुकवून आल्यासारखा. डोळे मिटले असते तर म्हटलं असतं, कुणीतरी बुवा चिपळ्या जुळवून बघताहेत. पुन्हा तेच. पुन्हा विसावा.

आणि त्या विसाव्यात एक बाई बोलली. दबलेल्या आवाजात, पण आनंद मावत नव्हता तिच्या गळ्यात.

"अवो, हलू नकात हां! तुमच्या पायाकडेच आसा तो. एवढोसो. माझ्या आंगठ्यापेक्षा मोठो नाय. पाठीर हळदीची रेग ओढल्यासारखी... आणि गळो बघा कसो फुगता! आधी फुगता, मगे बोलता."

"खंय? खंय गो?" हा तरुण आवाज सरांचा.

डुबुक्.

"गेलो! सांगलंय मा, हलू नकात म्हणान!" आणि मग ती हसली. असं मोकळं, खळाळून हसली की वाराही क्षणभर मागे सरल्यासारखा वाटला.

मी सरांकडे पाहिलं. त्यांना त्यातलं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, ते कपाळावरच्या आठीवरून कळत होतं. पण त्यांचे ओठ हलत होते. तिच्या शब्दाच्या जरासे आधी.

मी कॅसेट थांबवली.

"त्यांनी पाहिला होता," मी म्हटलं. "सर, त्यांनी तर बेडूक पाहिला होता. गळा फुगवून बोलताना."

"पाहिला होता."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"विचारलं ना मला. लेखी विचारलं, प्रत्यक्ष कुणी पाहिलं? काय लिहिणार होतो, माझ्या बायकोने? सातवी शिकलेली. माझा डबा घेऊन सोबत आलेली. आधीच हसत होते, त्यात तिलाही ओढायचं?" ते थांबले. "तीच म्हणाली, माझं नाव कशाला त्यात, तुमका आणखी बोल लावतील. मी म्हटलं बरं. आता ती नाही, आणि हा एवढाच आवाज उरलाय. तो कापून ठेवायचा, की चार परक्यांना ऐकू द्यायचा, ह्यातच इतकी वर्षं गेली. काल तुम्ही विसावा म्हणालात. माझ्या विसाव्यात तीच बसलीय. तिला काढून ताल कसा यायचा?"

बिपुलने ती सगळीच्या सगळी टेप, तिच्या हसण्यासकट, यंत्राला दिली.

ह्या वेळी यंत्राने फार वेळ घेतला. आम्ही चहा मागवला. सरांनी बशीत ओतून प्यायला. पडद्यावर एकच ओळ उमटली. बिपुलने ती वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारला.

"इंदूताई, आपला बेडूक हरिकथा करतो."

"म्हणजे?"

"हे बघा. कर्नाटक. घाटातलं गाव, शिरसीच्या बाजूला. देवळात हरिकथा. लोककलांच्या एका संग्रहालयाने जुनी मुद्रणं आता आता कोशात घातली, त्यातलं."

हरिकथा म्हणजे आपलं कीर्तनच हो, कानडीतलं. मी म्हटलं, लाव. यंत्र त्या काळी कोणत्या मुद्रणात सापडलं एवढंच सांगायचं, नेमकं कुठे ते नाही, म्हणून त्याने सुरुवातीपासून लावलं. काय गळा होता त्या हरिदासांचा! पेटी, मृदंग, आणि हातातल्या चिपळ्या, टक् टक् टक् टक्.

"ह्या चिपळ्या आहेत रे बिपुल," मी म्हटलं. "खऱ्याखुऱ्या, लाकडाच्या. यंत्र फसलं. मला चिपळ्या ओळखता येत नाहीत होय?"

बिपुलने सरांकडे बघून नकाराची मान हलवली. सरांनी ती पाहिली. रुमालाची घडी ते पुन्हा नीट करू लागले, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तेवढं एकच काम जगात उरल्यासारखे.

"बंद करू?" बिपुलने विचारलं.

आणि इथे बघा, माझी जन्माची खोड आडवी आली. समोर कीर्तन चालू आहे आणि मी मध्येच उठले, असं कधी झालेलं नाही. भाषा कळत नव्हती, पण तो माणूस जीव ओतून गात होता.

"पूर्वरंग तरी संपू दे," मी म्हटलं. "मग बंद कर."

पूर्वरंग संपला. गजर झाला, मृदंग थांबला. पेटीच्या भात्याने सुस्कारा सोडला. लोक खोकले, कुठेतरी मूल रडलं, कुणीतरी उभं राहून कानडीत दोन वाक्यं बोललं. त्यात मला एकच शब्द कळला, 'माले'. माळ. हार घालताहेत, मी मनात म्हटलं. आपल्याकडेही इथेच घालतात. आणि माझे हात आपोआप जोडले गेले, तुमचेही गेले असते.

टक् टक् टक् टक्. विसावा. टक्.

मी जोडलेल्या हातांकडे बघत राहिले.

"बिपुल," मी म्हटलं, "हार घालताहेत त्यांना."

"हो, मग?"

"हार घालून घेताना बुवा चिपळ्या खाली ठेवतात रे. मान वाकवतात, दोन्ही हात जोडतात. हातात काही धरत नाहीत. मग ह्या वाजवतंय कोण?"

टक् टक् टक् टक्. विसावा. टक्. तोच शेवटचा ठोका, समेला उशिरा पोचणारा.

बिपुलने दोन्ही चित्रं पडद्यावर एकाखाली एक लावली. सड्यावरचं आणि देवळातलं. त्या रेघोट्या मला कधीच नीट वाचता यायच्या नाहीत, पण तेव्हा पाळण्यातलं मूलही सांगू शकलं असतं. कुठेतरी देवळाच्या मागे, ओल्या भिंतीशी, तो बसला होता. सगळा गाव देवाची कथा ऐकत होता, हरिदास गात होते, ध्वनिमुद्रण करणारे गाण्याला कान लावून होते, आणि हा अंगठ्याएवढा जीव सबंध वेळ त्यांच्या मागे झील धरून होता. कुणाला म्हणजे कुणाला पत्ता नाही. बुवांनी हात जोडले, सगळे गप्प झाले, तेव्हा कुठे तो एकटा ऐकू आला.

"काय झालं?" सर विचारत होते. "मला कुणी सांगाल का, काय झालं?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "सर, आहे. तुमचा आहे."

त्यांनी हेडफोन ओढून घेतला. ऐकत राहिले. मग मान हलवली. "लोक बोलल्यासारखे वाटतात. तो येत नाही. माझ्यापर्यंत येत नाही तो."

मला तो क्षण अजून सोसत नाही. तीसेक वर्षं वाट पाहून जे दारात आलं, ते दारातूनच परत जायला निघालं होतं.

बिपुल म्हणाला, "थांबा." त्याने यंत्रावर काहीतरी फिरवलं. "इंदूताई, बुवांच्या भाषेत सांगा त्यांना. काळी चारचं पांढरी एकमध्ये आणतो. सावकाश करून. खालचं ऐकू येतं ना त्यांना?"

आणि त्याने तो आवाज सावकाश केला, खाली आणला, आणखी खाली. खोलीत जे घुमू लागलं ते आता चिपळ्यांसारखं नव्हतं. मोठ्या देवळात कुणी पहाटे एकटंच पखवाजावर थाप देत असावं, तसं.

सर ताठ बसले. मग त्यांचं एक बोट टेबलावर पडलं. ठोका. ठोका. विसाव्यात बोट हवेत थांबलं, तो उशिराचा ठोका येईपर्यंत थांबलं, आणि त्याच्याबरोबरच खाली आलं. एकदाही चुकलं नाही. त्यांनी पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही.

"द्वारके," ते म्हणाले, "आसा गो तो. आसा."

मी ह्या कानांनी थोर थोर बुवा ऐकलेत. पण जगाचा जो कुणी मांडणारा आहे, तो आमच्या त्या खोलीत येऊन उभा राहिला होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पुढचं थोडंच आहे. त्या वर्षीच्या श्रावणात शिरसीकडचे एक प्राध्यापक, हेगडे नावाचे, त्या देवळामागे जाऊन बसले. त्यांनी पाठवलेला फोटो बिपुलने मला दाखवला. अंगठ्याएवढा बेडूक. गळा फुगलेला. पाठीवर हळदीची रेघ ओढलेली.

कोशात त्याची नोंद करायची तेव्हा बिपुल एका जागी अडला. प्रथम कोणी पाहिलं? मी कोकणात फोन लावला. तोवर सरांचे दोन्ही कान गेले होते. पुतणीने त्यांना हातवारे करून प्रश्न कळवला असावा, कारण थोड्या वेळाने ते स्वतःच फोनवर आले.

"बाई, तुमचं मला काही ऐकू येणार नाही. मी बोलतो, तुम्ही लिहून घ्या. द्वारका जगन्नाथ तेंडोलकर. पाहिलं तिने. मी फक्त आवाज धरला. आणि टेप आहे तशी राहू दे. हसते तेही राहू दे. ऐकू दे सगळ्यांना."

तशीच ठेवलीय. आज देशात कुठेही कुणी त्या बेडकाचं पान उघडलं, की बेडकाच्या मागोमाग एक बाई बोलते, हलू नकात हां. ज्यांना मराठी येत नाही तेही, मी पाहिलंय, तिचं ऐकून क्षणभर हलायचे थांबतात.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल, पूर्वरंग संपेल, बुवा चिपळ्या खाली ठेवतील आणि हारासाठी मान वाकवतील. तेव्हा जी शांतता होते ना, तिच्यात शेजारच्याशी बोलू नका. हलूही नका. आपल्या पायाशी कोण बसलंय ते ज्या बाईने पहिल्यांदा पाहिलं, त्या द्वारकाबाईंची तेवढ्यापुरती आठवण काढा.